फायबर दारात आले, पेटी मात्र बंद : ग्रामपंचायतीच्या मॉडेमचा वाली कोण?

लासूर स्टेशन : “नेट नाही, उद्या या.” ग्रामपंचायतीच्या दारातून माणूस रिकाम्या हाताने परत फिरतो, तो बहुतेकदा या चार शब्दांवर. मग गाडीला किक मारायची, लासूर स्टेशन गाठायचं आणि बाजारपेठेतल्या खासगी केंद्रावर पैसे मोजून तेच काम करून घ्यायचं. गंगापूर आणि वैजापूर तालुक्यांच्या शिवेजवळचं हे बाजाराचं गाव. कापूस, मका, कांदा घेऊन येणारा शेतकरी त्याच फेरीत कागदाचं कामही उरकतो, म्हणून ही फेरी कुणाला फारशी खटकत नाही. पण ज्या घरात गाडी नाही, जिथे एकटी बाई किंवा म्हातारा माणूस आहे, तिथे या चार शब्दांची किंमत एक दिवसाची मजुरी आणि जाण्या-येण्याचं भाडं अशी होते.

आणि कामं कमी होत नाहीत, वाढताहेत. ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाइलवर आली. शेती योजनांसाठी फार्मर आयडी एप्रिल २०२५ पासून सक्तीचा झाला. पीएम किसानची ई-केवायसी आहे, लाडक्या बहिणींची ई-केवायसी आहे, पीकविम्याची जुलैअखेरची धावपळ आहे. प्रत्येक योजनेने गृहीत धरलंय की गावात नेट आहे. कागदावर ते आहेही.

देशातील ग्रामपंचायती फायबरने जोडायची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. डिसेंबर २०१७ पर्यंत पहिल्या टप्प्यातील एक लाख ग्रामपंचायतींचं काम झाल्याचं जाहीर झालं. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने काम स्वतःच्या हाती घेतलं आणि महाआयटीमार्फत महानेट उभं केलं. केंद्राच्या आकडेवारीत आज २ लाख १४ हजारांहून अधिक ग्रामपंचायती ‘सर्व्हिस रेडी’ आहेत. खरी गोम या शब्दात आहे. सर्व्हिस रेडी म्हणजे फायबर पोहोचलं, पेटी बसली, एकदा दिवा लागला. आज सकाळी अकरा वाजता तो दिवा चालू आहे का, हे त्या आकड्यातून कळत नाही.

पेटीत आहे तरी काय

ग्रामपंचायत कार्यालयात भिंतीला किंवा कोपऱ्यात लोखंडी कपाटासारखी रॅक असते. गावात तिला सरसकट ‘मॉडेम’ म्हणतात. तसं म्हणायला हरकत नाही. आत एक ओएनटी असतो. फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाचं रूपांतर संगणकाला समजेल अशा सिग्नलमध्ये करणारा तो छोटा डबा. सोबत फायबरची टोकं नीट गुंडाळून ठेवायचा ट्रे, बॅटरी, तिला चार्ज करणारं युनिट, आणि पहिल्या टप्प्यातल्या गावांत छतावर सौर पॅनल. डब्याचा भाऊबंद, म्हणजे ओएलटी, तालुक्याच्या किंवा मोठ्या गावाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसलेला असतो. त्याच्या एका पोर्टवरून निघालेली प्रकाशाची एक वाट स्प्लिटरने फुटत फुटत अनेक गावांना जाते. म्हणून लासूरच्या बाजारात शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन गावांचं नेट वेगवेगळ्या तालुक्यांतून येत असू शकतं. एकाचं चालू असताना दुसऱ्याचं बंद असण्यात जादू काही नाही.

डब्यावरचे दिवे वाचता आले तर निम्मी भानगड तिथेच उलगडते. एकही दिवा नाही, तर वीज नाही. ‘एलओएस’चा लाल दिवा लुकलुकतोय, तर प्रकाशच पोहोचत नाही, फायबर तुटलंय किंवा टोक निघालंय. ‘पॉन’चा हिरवा दिवा स्थिर आहे आणि तरीही नेट नाही, तर दोष पुढे, राउटर, वायर किंवा संगणकात. हे शिकायला पाच मिनिटं लागतात. पण पेटीला कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडे, हे गावात कुणालाच ठाऊक नाही, अशी तऱ्हा असते तिथे ती पाच मिनिटंही मिळत नाहीत.

बंद पडते ती बहुधा विजेने

चर्चा नेहमी तुटलेल्या केबलची होते, कारण ती दिसते. रोजचा शत्रू मात्र वीज आहे. ग्रामपंचायतीच्या मीटरवर कार्यालय, पाणीपुरवठ्याची मोटर, कधी दिवाबत्ती असा सगळा भार असतो. मोटर सुरू होताना दाब खाली येतो, बंद होताना उसळतो. त्याच लाइनवर ओएनटीचं चार्जर असेल तर ते किती दिवस टिकणार? रॅकसाठी वेगळा एमसीबी आणि वेगळी अर्थिंग हा किरकोळ खर्च आहे, पण इमारतीच्या अंदाजपत्रकात तो क्वचितच दिसतो. वळवाच्या पावसात वीज कडाडली की अर्थिंग नसलेल्या पेटीतलं चार्जिंग युनिट आधी जातं. बिल थकलं आणि महावितरणने जोडणी तोडली, तर पेटी निकामी न होताही बंदच.

बॅटरीचं तर विचारू नका. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य साधारण २५ अंश तापमान धरून सांगितलेलं असतं. त्यापुढे दर दहा अंशांना ते निम्म्यावर येतं, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळीस-बेचाळीस अंश असतात. पत्र्याच्या छताखाली, पश्चिमेच्या भिंतीला लावलेल्या बंद लोखंडी पेटीत किती असतील, याचा अंदाज कुणीही करावा. पाच वर्षांची बॅटरी दोन उन्हाळ्यांत बसते. मग भारनियमनाच्या पहिल्याच मिनिटाला नेट जातं आणि खापर फोडलं जातं कंपनीवर.

रॅक कुठे बसवली, यावरच तिचं आयुष्य ठरतं. पाण्याच्या टाकीखाली, गळक्या स्लॅबखाली, खिडकीच्या खाली ती नको. बॅटरी जड, म्हणून ती तळाला. उपकरणं वर, आणि दोन उपकरणांमध्ये हवेला जागा. मागे-पुढे हात जाईल एवढं अंतर. केबल जिथून आत येते ते भोक बुजवलेलं हवं, नाहीतर उंदीर, पाली, मुंग्या यांची तिथे वस्ती होते. फायबरला बोटभर जागेत मुरडून कोंबलं की प्रकाश कोपऱ्यातूनच गळतो. हिरव्या टोकाचा कनेक्टर निळ्यात घालायचा नाही; बसतो खरा, पण सिग्नल मार खातो आणि टोकही खराब होतं. टोकावरचा धुळीचा एक कणही पुरतो. आणि फायबरच्या टोकात डोळा घालून ‘उजेड येतोय का’ हे कुणीही पाहू नये. तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही, इजा मात्र करू शकतो.

हे नवं ज्ञान नाही. १९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झालं, तेव्हा ग्रामीण एक्स्चेंज बनवताना पहिली अटच ही होती की यंत्र धूळ, उकाडा आणि लहरी वीज सोसून, एसीशिवाय चाललं पाहिजे. १२८ लाइनचं ते छोटं एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला सुरू झालं आणि पुढे देशभरच्या खेड्यांत गेलं. त्या एक्स्चेंजसोबत गावाच्या ओळखीचा एक लाइनमन होता, हाही फरक आहे. जानेवारी २०२० अखेर बीएसएनएलमधून एकाच वेळी सुमारे ७८ हजार ५०० जणांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. पगाराचा बोजा हलका झाला, पण कोणत्या शेताच्या बांधावरून कोणती केबल गेली हे डोक्यात असलेली माणसंही गेली. त्यांच्या जागी कंत्राटी टीम आली. तिच्या वाट्याला एकेका गाडीवर कितीतरी गावं.

तुटते ती खोदकामाने

जलजीवनची पाइपलाइन, रस्त्याचं रुंदीकरण, गटाराचा चर, शेताचा बांध. जेसीबीचा एक फटका आणि पाच गावं बंद, कारण पहिल्या टप्प्यातलं जाळं एका फांदीसारखं आहे. फांदी जिथे तुटेल त्याच्या पुढचं सगळं वाळतं. मार्च २०२३ मध्ये केंद्राने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणलं. खोदणाऱ्याने आधी कळवायचं, केबलवाल्याने जागा दाखवायची. कल्पना चांगली आहे. पण गावपातळीवरच्या कामाचा ठेकेदार आणि त्याचा जेसीबी चालक ते उघडून पाहतो का, हा प्रश्न ग्रामपंचायतीने काम देतानाच विचारायला हवा. कामाच्या आदेशात एक ओळ घालायला पैसे लागत नाहीत.

तुटलेली जागा शोधणं मात्र आता अवघड राहिलेलं नाही. ओटीडीआर नावाचं यंत्र एका टोकाला लावलं की तुटीचं अंतर मीटरमध्ये सांगतं. वेळ जातो तो टीम येण्यात, आणि टीम येते तक्रार पोहोचली तर.

सगळं अडतं ते इथेच. ओएनटीची वीज जाते त्या क्षणी तो डबा उरलेल्या थोड्याशा ऊर्जेवर एक्स्चेंजमधल्या ओएलटीला एक शेवटचा संदेश पाठवतो. इंजिनिअर त्याला ‘डाइंग गॅस्प’ म्हणतात; आपल्या भाषेत आचका. फायबर तुटलं तर असा संदेश येत नाही, ओएनटी नुसता गायब होतो. म्हणजे कोणत्या गावाचं नेट विजेमुळे गेलं आणि कोणत्या गावाचं केबलमुळे, हे वरच्या यंत्रणेला गावातून एकही फोन न येता कळू शकतं. माहिती तयार होते, पण ती गावापर्यंत उतरत नाही. गावाला कळतं ते ‘सर्व्हर डाऊन’ एवढंच.

परिणाम असा की जबाबदारी फिरत राहते. कंपनी म्हणते, पंचायतीची वीज नव्हती. पंचायत म्हणते, केबल तुटली होती. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे तीन-तीन गावांचा कारभार. संगणक परिचालक तुटपुंज्या मानधनासाठी वर्षानुवर्षं आझाद मैदानावर आंदोलनं करतोय. रॅकची निगा त्याच्या कामात येते की नाही, हे त्यालाही कुणी सांगितलेलं नाही. वरचं छत्रही बदलत राहिलं. आधी बीबीएनएल, राज्याच्या टप्प्यात महाआयटी, २०२२ मध्ये बीबीएनएलचं बीएसएनएलमध्ये विलीनीकरण करण्याचा निर्णय. पेटी त्याच कोपऱ्यात राहिली, तिच्यावर चिकटवलेला तक्रारीचा नंबर जुना झाला.

नव्या टप्प्यात काय बदलेल

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटला १ लाख ३९ हजार कोटींची मंजुरी दिली. फांदीऐवजी कड्याची रचना, म्हणजे एका बाजूने केबल तुटली तर दुसऱ्या बाजूने सिग्नल येणार. बांधणाऱ्या कंपनीकडेच दहा वर्षांची देखभाल. ही दुसरी अट पहिलीपेक्षा मोलाची आहे. जो बसवतो त्यालाच सांभाळायचं असेल तर तो भिंत नीट निवडतो.

पण कडं केबल तुटण्यावरचा उपाय आहे, विजेवरचा नव्हे. पंचायतीच्या खोलीत वीजच नसेल तर चारही बाजूंनी फायबर आणलं तरी डबा अंधारातच. तसंच उपग्रहाचं. राज्याने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकशी इरादापत्र केलं, त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिवची नावं पुढे आहेत. दुर्गम पाड्याला ते वरदान ठरेलही. लासूर परिसरात मात्र रेल्वे आहे, हडस पिंपळगावजवळ समृद्धीवर चढता येतं, मोबाइलचे टॉवर आहेत. इथला प्रश्न दुर्गमतेचा नाही. आणि डिशलाही प्लग लागतोच.

ग्रामसभेच्या हातात यातलं बरंच काही आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या चारपैकी कोणत्याही सभेत विचारता येईल : गेल्या तीन महिन्यांत पेटी किती दिवस बंद होती, त्यातले किती दिवस विजेमुळे आणि किती केबलमुळे? रॅकला स्वतंत्र एमसीबी आणि अर्थिंग आहे का? बॅटरी कोणत्या साली बसवली? किल्ली कुणाकडे? सध्या कोणत्या नंबरवर तक्रार घेतली जाते आणि शेवटच्या तक्रारीचा क्रमांक काय? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यावीत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पंचायतीकडे नसेल तर ते ओएलटीच्या नोंदीत असतं, आणि माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात.