उन्हात फोटो घेताना आधी स्क्रीनला सावली द्या

पेण आणि रोहा तालुक्यांत कामासाठी किंवा हौसेने कॅमेरा हाती धरणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. भर उन्हात उघड्या स्क्रीनकडे बघून फोटोचा उजेड ठरवू नका. स्क्रीनवर बसणारा हूड किंवा भिंग असलेला लूप वापरा. तो नसेल तर निदान एक काळं फडकं पिशवीत ठेवा.

आपल्या भागात याची गरज जास्त आहे. पेण, हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत इथल्या कारखान्यांतून गणेशमूर्ती देशभर आणि परदेशातही जातात. लांबचं गिऱ्हाईक मूर्ती आधी मोबाइलवर बघतं आणि मग ऑर्डर देतं. अंगणात, उन्हात मूर्ती ठेवून काढलेल्या फोटोत पांढऱ्या उपरण्याच्या घड्या पुसल्या गेल्या, सोनेरी मुकुटावरचं नक्षीकाम दिसलंच नाही, तर कारागिराच्या हाताची कमाल गिऱ्हाइकाला कशी कळणार? रोह्यात दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी गावातून फिरते, तेव्हा डोक्यावर ऑक्टोबरचं ऊन असतं. कोलाडजवळ कुंडलिकेवर भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटलेल्या पाण्यात राफ्टिंग चालतं आणि तिथे पाण्यावरची चकाकी डोळे दिपवते. यातले बरेच क्षण पुन्हा मिळत नाहीत. घरी आल्यावर चूक कळून उपयोग नसतो.

चूक होते ती अशी. कडक उन्हात १ लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, तर रात्री दिवे लावलेल्या घरात तो दोन-तीनशे लक्सच्या पुढे क्वचितच जातो. साध्या काचेचा पृष्ठभाग अंगावर पडलेल्या उजेडातला साधारण ४ टक्के उजेड परत फेकतो, आणि त्या परतलेल्या उजेडापुढे स्क्रीनचं चित्र फिकं पडतं. उन्हाने आपल्या डोळ्यांची बाहुलीही आकसलेली असते. मग चित्र काळपट वाटतं, आपण एक्स्पोजर वाढवतो आणि प्रत्यक्षात फोटो जळतो. काळपट राहिलेला फोटो नंतर थोडाफार सावरता येतो. पूर्ण पांढऱ्या झालेल्या जागेत तपशील उरलेलाच नसतो, तो कोणत्याही ॲपने परत येत नाही.

यावरचा उपाय जुनाच आहे. तिपाईवरच्या मोठ्या कॅमेऱ्यामागे छायाचित्रकार डोक्यावर काळं कापड घेत, ते काचेवरचं चित्र नीट दिसावं म्हणून. १९२९ साली आलेल्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्यावर उघडझाप होणारा पत्र्याचा हूड होता आणि त्यात छोटं भिंगही होतं. पुढे २००८ मध्ये कॅननचा ५डी मार्क २ हा कॅमेरा आला. त्यावर व्हिडिओ घेताना आतला आरसा वर उचललेला राहतो, त्यामुळे डोळ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होतो आणि सगळं स्क्रीनवरच बघावं लागतं. तेव्हापासून स्क्रीनवर चढवायचे लूप व्हिडिओवाल्यांच्या हाती दिसू लागले. हा लूप म्हणजे एका टोकाला स्क्रीनवर बसणारी चौकट, मध्ये काळी नळी आणि दुसऱ्या टोकाला भिंग व रबरी आयकप. आयकप डोळ्याला टेकला की बाहेरचं ऊन तुटतं आणि चित्र दोन-अडीच पट मोठं दिसतं. दोन हात आणि डोळा असे तीन आधार मिळाल्याने कॅमेराही कमी हलतो.

घेण्याआधी स्क्रीन मोजा. बऱ्याच कॅमेऱ्यांची स्क्रीन ३ किंवा ३.२ इंची असते आणि चौकट त्याच मापाची हवी. लूप चुंबकाने, इलॅस्टिकने किंवा तिपाईच्या स्क्रूवर बसवायच्या पट्टीने धरला जातो. पालखीच्या गर्दीत स्क्रूची पट्टी जास्त भरवशाची. स्क्रीन बाजूला उघडणारी असेल तर ती उलटून पाठीला चिकटवून ठेवा, तरच लूप बसेल. चष्मा असणाऱ्यांनी डायॉप्टर, म्हणजे नंबर जुळवायचं कडं, फिरवता येणारा लूपच घ्यावा. स्क्रीनवरची अक्षरं ठसठशीत दिसेपर्यंत ते कडं फिरवायचं आणि मगच फोकस तपासायचा.

मोबाइलला लूप सहसा जमत नाही, कारण स्क्रीन मोठी असते. त्याला घडीचा हूड पुरतो आणि तो घरीही होतो. काळा पुठ्ठा घ्या, स्क्रीनच्या चारी बाजूंनी उभ्या भिंती करा आणि वेल्क्रोने बसवा. आतली बाजू मंद काळी हवी, चकचकीत रंग पुन्हा उजेड फेकतो. मोबाइल तापला की स्वतःच स्क्रीन मंद करतो, म्हणून दोन शॉटच्या मध्ये तो सावलीत ठेवा. अंगात गडद शर्ट घाला, कारण पांढऱ्या शर्टाचं प्रतिबिंब काचेत पडतं. पोलराइज्ड गॉगल काढून बघा. त्यातून काही स्क्रीन काळ्याच दिसतात.

हूड लावला तरी हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, बघायची सवय सोडू नका. आलेख उजव्या कडेला चिकटला असेल तर पांढरे भाग जळत आहेत. कॅमेऱ्यात जास्त उजळ भागावर उमटणाऱ्या झेब्राच्या पट्ट्या असतील तर त्या चालू ठेवा. पट्ट्या उपरण्यावर किंवा मुकुटावर आल्या की एक्स्पोजर कमी करा.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. लूपचं भिंग उन्हाकडे तोंड करून कधीही ठेवू नका. भिंगाने ऊन एका ठिपक्यावर आणून कागद जाळतात, तसंच हे भिंग ऊन थेट तुमच्या स्क्रीनवर आणतं आणि काही क्षणांत कायमचा डाग पाडतं. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर असलेल्या कॅमेऱ्यालाही हाच धोका आहे. गळ्यात लटकवताना, तिपाईवर ठेवून चहाला जाताना, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवताना भिंगावर टोपी किंवा फडकं हवंच. आरशाच्या कॅमेऱ्यातून डोळा लावून सूर्याकडे तर चुकूनही पाहू नका, डोळा जाईल. मिरवणुकीत डोळा लूपला असेल तेव्हा दुसरा डोळा उघडा ठेवा आणि सोबत एक माणूस घ्या. गटार, पायरी, मागून येणारी गाडी त्याला दिसेल.

एवढ्यावर विश्वास ठेवायलाच हवा असं नाही, करून बघा. येत्या रविवारी दुपारी बारा वाजता एक रंगवलेली मूर्ती अंगणात ठेवा. एक फोटो उघड्या स्क्रीनवर बघून काढा, दुसरा काळ्या फडक्याखाली बघून. दोन्ही घरात आणून शेजारी शेजारी बघा. फरक पटला तर कारखान्याच्या आणि मंडळाच्या खर्चात एका हुडाची सोय करा आणि फोटो काढणाऱ्या पोरांच्या हाती तो हंगाम सुरू व्हायच्या आधी द्या. वर्षभर राबून घडवलेल्या मूर्तीचा फोटोही तिच्या तोलाचा निघायला हवा.