वाट पाहावी, पण कशाची?

गेल्या श्रावणातली गोष्ट. भोरच्या पलीकडे डांबर जिथे संपतं आणि वाडीवर जाणारी पायवाट सुरू होते, तिथल्या पहिल्याच ओल्या चढावर माझी गाडी आडवी झाली. वेग म्हणाल तर माणसाच्या चालीचा. मला लागलं नाही, गाडीलाही काही झालं नाही. हँडल एका अंगाला वळवलं, सीटला पाठ टेकवली आणि गुडघ्यांतून जोर काढत तीनदा उचलून पाहिली. तिन्ही वेळा पाय चिखलात घसरले. अर्धा तास तसाच बसलो. मग वरून एक आजोबा गवताचा भारा घेऊन उतरले. भारा बांधावर टाकून त्यांनी मागून धरलं, मी हँडल धरलं आणि गाडी उभी राहिली. धोतराला हात पुसत त्यांनी विचारलं, "किती किलूची हाय ही?"

मला आकडा सांगता आला नाही. वीस वर्षांत सिग्नलपासून लग्नाच्या मांडवापर्यंत मला तीनच प्रश्न विचारले गेले होते : किती सीसी, मायलेज किती, केवढ्याला पडली. वजन कोणी विचारलं नव्हतं, आणि गाडी घेताना मीही विचारलं नव्हतं.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे हिरोची एक्सपल्स २१०. २०२५च्या जानेवारीत ती बाजारात आली तेव्हा शोरूमची मूळ किंमत सुमारे १ लाख ७६ हजार होती. कच्च्या वाटेवर चालेल अशी, खिशाला झेपेल अशी लहान मोटारसायकल आपल्या देशात मुळात दुर्मीळ, त्यामुळे उत्सुकता साहजिक होती. पण गाडीचे हप्ते सुरू व्हायच्या आत चर्चा सुरू झाली ती पुढच्या सुधारणेची : यात पुढे काय येणार, आत्ता घ्यावी की थांबावं? या चर्चेत मला तीन पक्ष दिसतात. तिन्हींत थोडं तथ्य आहे, आणि तिन्ही मला चुकीचे वाटतात.

पहिला पक्ष थांबणाऱ्यांचा. पहिल्या वर्षीची गाडी घेऊ नये, कंपनीला चुका करू द्याव्यात, त्या निस्तरल्या की मग आपण जावं. नव्या इंजिनाच्या पहिल्या खेपेत बारीकसारीक काही निघतं हे मान्य. पण थांबणाऱ्याच्या पदरात आजवर काय पडलं, ते याच घराण्याच्या इतिहासात पाहू. एक्सपल्स २०० ही १ मे २०१९ रोजी आली : १८.४ अश्वशक्ती, कार्ब्युरेटरची गाडी ९७ हजारांना, फ्युएल इंजेक्शनची १ लाख ५ हजारांना. पहिला मोठा बदल २०२० साली झाला, कारण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम सक्तीचे झाले. कार्ब्युरेटर गेला, ऑइल कूलर आला, ताकद १८.४ वरून १८.१ च्या आसपास उतरली आणि किंमत चढली. वर्षभर थांबलेल्या माणसाला ऑइल कूलरच्या बदल्यात थोडी कमी ताकद आणि जास्त हप्ता मिळाला. २०२३ सालच्या बदलामागेही प्रदूषणाच्या नियमांचा पुढचा टप्पा होता. म्हणजे या दोन्ही सुधारणांचं वेळापत्रक सरकारी होतं. गिऱ्हाईक थांबलं म्हणून त्या आल्या नाहीत आणि थांबलं नसतं म्हणून अडल्याही नसत्या.

ज्या सुधारणा खरोखर चालवणाऱ्यांसाठी झाल्या, त्यांचा माग काढला तर वेगळंच दिसतं. पहिल्या गाडीला पुढून १९० आणि मागून १७० मिलिमीटर सस्पेन्शन होतं. ज्यांनी ती घेतली, त्यांतले काही तिला दगडधोंड्यांत घेऊन गेले आणि त्यांना ते अपुरं पडलं. कंपनीने वेगळं रॅली किट विकायला काढलं आणि हौशी लोकांनी पदरचे पैसे घालून ते बसवलं. पुढे २०२३ साली प्रो नावाची आवृत्ती आली ती थेट २५० आणि २२० मिलिमीटरची. ही सुधारणा घरी बसून झाली नाही. गाडी घेऊन तिला आपटणाऱ्यांनी ती मिळवून दिली आणि थांबणाऱ्यांनी ती आयती घेतली.

आणि सगळेच थांबले तर काय होतं, याचंही उदाहरण घरचंच आहे. २०११ साली हिरोने इम्पल्स काढली होती : १४९ सीसीची, उंच, कच्च्या वाटेसाठी बांधलेली. तेव्हा जो तो म्हणे, गाडी झकास आहे, इंजिन मोठं दिलं की घेऊ. कौतुक करणारे उदंड आणि विकत घेणारे थोडे, अशा अवस्थेत काही वर्षांत ती बंद पडली. मोठ्या इंजिनाची तिची आवृत्ती कधी आलीच नाही. आली ती एक्सपल्स, आणि तीही इम्पल्सच्या जन्मानंतर आठ वर्षांनी. इम्पल्सच्या वेळी पंचविशीत असलेला माणूस तोवर तेहतीस वर्षांचा झाला होता.

दुसरा पक्ष बेरीज करणाऱ्यांचा. याला सुधारणा म्हणजे अधिक काहीतरी : अधिक ताकद, मोठा पडदा, आणखी बटणं. २१०च्या महागड्या आवृत्तीवर ४.२ इंची रंगीत पडदा आहे. पुढच्या वर्षी तो आणखी मोठा हवा. या पक्षाचा सगळ्यात सबळ मुद्दा ताकदीचा आहे आणि तो मी डावलणार नाही. पायवाट पुण्याच्या दारात सुरू होत नाही. आधी तास-दोन तास हमरस्ता तुडवावा लागतो, तिथे जुनी २०० धापा टाकायची, आणि मागून येणारा ट्रक हॉर्न वाजवून आपली पायरी दाखवून द्यायचा. २१० मध्ये पाण्याने थंड होणारं इंजिन आहे, २४.६ अश्वशक्ती आहे, पाचाच्या जागी सहा गिअर आहेत. हमरस्त्यावरचा तो अपमान संपला, हे निःसंशय चांगलं झालं.

पण त्याच कागदावर दुसरा आकडा आहे. २०१९ची इंजेक्शनवाली गाडी १५४ किलोंची होती, २१० ही १६८ किलोंपासून सुरू होते. बेरीजवाल्यांचं उत्तर तयार असतं : वजन वाढलं तरी ताकद त्याहून जास्त वाढली, दर शंभर किलोंमागे पूर्वी बारा अश्वशक्ती होती, आता साडेचौदा आहे, मग तक्रार कसली? हिशोब बरोबर आहे, फक्त तो इंजिन चालू असतानाचा आहे. आडवी पडलेली गाडी शून्य अश्वशक्तीची असते. ओढ्याच्या काठावरून दोन्ही पायांनी रेटत नेताना, अरुंद बांधावर मागे घेताना, उतारावर घसरत असताना पायाने सावरताना वजन तोलतो तो आपला खांदा, आपली कंबर. वाढलेले चौदा किलो कंपनीने इंजिनाच्या ताकदीतून फेडले असतील. आमच्या हाडांची ताकद २०१९ मध्ये होती तेवढीच आहे. खरं सांगायचं तर थोडी कमीच झाली आहे.

तिसरा पक्ष विरक्तांचा. यांच्या मते लहान ट्रेल गाडीला सुधारणा लागतच नाही. जुनं ते सोनं. दाखला म्हणून ते यामाहाच्या टीडब्ल्यू २०० कडे बोट दाखवतात. १९८७ पासून अमेरिकेत ती जवळजवळ त्याच रूपात विकली जात आली आहे. जाडजूड टायर, साधं इंजिन, आणि ती घेणारे सुखी आहेत. मला या पक्षाबद्दल जिव्हाळा आहे, पण त्याचा युक्तिवाद टिकत नाही. न बदलण्याची किंमत उशिरा चुकवावी लागते, पण चुकत नाही. यामाहाचीच सेरो पाहा. डोंगरात चढणाऱ्या एका शेळीवजा जनावराचं नाव असलेली ही गाडी १९८५ साली जपानात आली आणि डोंगरवाटांवर हिंडणाऱ्यांची लाडकी झाली. हवेने थंड होणाऱ्या तिच्या साध्या इंजिनाला कडक होत गेलेले प्रदूषणाचे नियम अखेर जड गेले. २०२० साली अखेरची आवृत्ती काढून पस्तीस वर्षांचा तो संसार गुंडाळावा लागला. शिवाय जुनं म्हणून सगळंच सोनं नसतं. पावसाळी घाटात वळणावर अचानक म्हैस समोर आली की पुढच्या चाकाचं एबीएस काय करतं, हे ज्याने अनुभवलं आहे तो जुन्या ड्रम ब्रेकचे पोवाडे गात नाही.

मग वाट पाहावी ती कशाची? माझं म्हणणं एका वाक्यात मावतं : लहान ट्रेल गाडीकडून वजाबाकीची अपेक्षा धरावी. पुढच्या आवृत्तीत काय आलं, हे विचारण्याआधी काय गेलं, हे विचारावं.

ही वेडगळ अपेक्षा नाही, ती पुरी झालेली आहे. अखेरची सेरो २४९ सीसीची होती आणि पेट्रोल भरून १३३ किलोंची. आपल्या २१० पेक्षा इंजिन मोठं आणि गाडी पस्तीस किलोंनी हलकी. दुसरं उदाहरण होंडाच्या सीटी १२५चं, जपानात जिला हंटर कब म्हणतात. २०२० साली ती विक्रीला आली आणि अडीच वर्षांच्या आत तिचं इंजिन बदललं. क्षमता १२५ सीसीच्याच वर्गात ठेवून सिलिंडरचा व्यास ५२.४ वरून ५० मिलिमीटरवर आणला आणि पिस्टनची धाव ५७.९ वरून ६३.१ मिलिमीटर केली. धाव लांबली की सर्वसाधारणपणे कमी फेऱ्यांवर ओढ मिळते, आणि चढावर हळूहळू चढताना नेमकी तीच लागते. ताकद ८.८ वरून ९.१, म्हणजे नावापुरती वाढली. जपानी आवृत्तीचं वजन मात्र १२० वरून ११८ किलोंवर आलं. दोन किलोंचं कौतुक काय, असं वाटेल. पण नवं इंजिन घालताना वजन वाढू द्यायचं नाही, उलट थोडं उतरवायचं, हे कोणीतरी टेबलाशी बसून ठरवलं होतं. मला कौतुक आहे ते त्या ठरवण्याचं.

आक्षेप येईल की हलकेपणा महाग असतो, सेरो भारतात पावणेदोन लाखांत बसली नसती. खरं आहे. ॲल्युमिनियमचे सुटे भाग, पातळ पण मजबूत पाइप, हलका सायलेन्सर यांना पैसे पडतात. म्हणूनच वजाबाकी दोन खात्यांत करावी लागेल. जे महाग आणि जड आहे ते आधी काढा. रंगीत पडद्याचे पैसे सायलेन्सरचे चार किलो उतरवायला वापरा. हमरस्त्यावरून घरी जाणाऱ्याला पडदा हवा असेल तर त्याची वेगळी आवृत्ती आहेच. पायवाटेवाल्याला जास्त पैसे मोजून कमी मिळण्याची सोय द्या, तो आनंदाने मोजेल. उद्या अशी आवृत्ती आली आणि आम्ही ती घेतली नाही, तर इम्पल्सचं पाप पुन्हा आमच्या माथी.

प्रत्येक भर वाईट असते, असंही मी म्हणत नाही. पाण्याने थंड होणारं इंजिन म्हणजे रेडिएटर, पंप, नळ्या आणि पाणी, असे काही किलो आले. पण पहिल्या गिअरमध्ये पाऊल पाऊल चढताना वारा लागत नाही, हवेने थंड होणारं इंजिन तापतं आणि पंखा लावलेला रेडिएटर तिथे आपलं वजन वसूल करतो. माझी कसोटी एवढीच : माणसाच्या चालीच्या वेगाला, चिखलात, हा भाग माझ्या उपयोगाचा आहे का? रेडिएटर उत्तीर्ण होतो. वाढलेलं सस्पेन्शन, पुढून २१० आणि मागून २०५ मिलिमीटर, उत्तीर्ण होतं. मागचं एबीएस बंद करायची सोय उत्तीर्ण होते, कारण मातीच्या उतारावर मागचं चाक थोडं घसरू द्यावंच लागतं. पडदा नापास. शोभेचं प्लॅस्टिक नापास.

कंपनीच्या पत्रकात न बसणाऱ्या दोन सुधारणा याच कसोटीत बसतात. गाडी पडली की आधी क्लचची किंवा ब्रेकची लिव्हर तुटते, मग फूटरेस्ट वाकतो. हे भाग तालुक्याच्या दुकानात त्याच दिवशी मिळणं मला नव्या रंगांपेक्षा मोलाचं आहे. आणि पुढचं स्प्रॉकेट एका दाताने लहान, असा पर्याय शोरूमनेच अधिकृतपणे द्यावा. शंभर ग्रॅमचीही भर न घालता चढावरची ओढ वाढते. थोडा वरचा वेग जातो, तो जाऊ दे.

आणि घ्यावी की थांबावं? पायवाटेवर जायचं असेल तर आज घ्यावी आणि आपटून पाहावी. कंपनीला पत्र लिहायचं तर चिखल लागलेल्या हाताने लिहिलेलं बरं. मात्र पैसे देण्याआधी एक करावं. विक्रेत्याला विनंती करून, सोबत एक मित्र घेऊन, शोरूमच्या अंगणात ती गाडी जपून आडवी ठेवावी आणि एकट्याने उचलून पाहावी. विक्रेता बिचकेल, कारण असं त्याला कोणी विचारलेलं नसतं. पण असं विचारणारे महिन्याला दहा जण निघाले, तर आजोबांचा प्रश्न कंपनीपर्यंत पोचायला वेळ लागणार नाही.

त्या दिवशी आजोबांना मी म्हणालो, असेल दीडशेच्या पुढे. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग बांधावरच्या भाऱ्याकडे. भारा एकट्याने डोक्यावर घेतला आणि म्हणाले, "आपल्याला येकट्याला उचलंल येवढंच आणावं डोंगरात." आणि ते खाली उतरून गेले.