लाल त्रिकोण आणि बिननावाची वाटी

ऑपरेशन थिएटरमधल्या, म्हणजे ओटीतल्या, औषधांवरच्या माझ्या मागच्या लेखावर मिरजेच्या एका सर्जनसाहेबांचा निरोप आला. “ओटीतल्या औषधांची काळजी तुम्ही करू नका. आमची पोरं तरबेज आहेत, कुठल्या वाटीत काय ते डोळे मिटून सांगतात.” साहेब, माझी तक्रार तीच होती: वाटीवर नाव नसतं, म्हणून डोळे मिटून सांगावं लागतं.

सलाईन, लिग्नोकेन, अ‍ॅड्रिनलीन, स्पिरिट, सगळं पाण्यासारखं. बाटलीतून स्टराइल वाटीत ओतलं की नाव बाटलीबरोबर बादलीत जातं. मध्येच ड्युटी बदलली, तर नव्या टेक्निशियनने वास घ्यायचा की अंदाज?

आता तासगावच्या द्राक्षबागेत चला. कीटकनाशकाच्या बाटलीवर कायद्याने रंगीत त्रिकोण लागतो. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. अक्षरओळख नसलेला गडीही लाल बाटली बेताने उचलतो. निर्यातीच्या बागेला नोंदणी क्रमांक असतो आणि कोणतं औषध, किती, कोणत्या तारखेला मारलं, हे वहीत लागतं. 2010 मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचा अंश सापडला, कंटेनर अडकले, बागायतदार होरपळले. वहीला हसणारेही त्या हंगामात गप्प झाले. म्हणजे सांगलीच्या घडावर काय पडलं, हे रॉटरडॅमचा व्यापारी विचारू शकतो. सांगलीच्या माणसाच्या शिरेत काय गेलं, हे त्याच्या बायकोने विचारलं तर “रिअ‍ॅक्शन आली” एवढ्यावर भागतं. द्राक्षाला गिऱ्हाईक आहे, बाबा.

परदेशात सगळं आलबेल आहे, असंही नाही. सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयात 2004 साली ट्रॉलीवर तीन वाट्या होत्या: सलाईन, एक्स-रेचा डाय आणि क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक. पूर्वीचं जंतुनाशक तपकिरी होतं, नवं बिनरंगाचं आलं होतं. डायऐवजी तेच टोचलं गेलं आणि रुग्ण दगावली. फरक इतकाच, की त्या रुग्णालयाने चूक जाहीर कबूल केली. आपल्याकडे चुकीपेक्षा कबुलीची भीती मोठी.

बंद अँप्यूलही बेभरवशाची. मणक्यात द्यायच्या भुलीच्या इंजेक्शनऐवजी रक्तस्राव थांबवणारं ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड दिलं गेल्याच्या घटनांवरून जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये इशारा काढला. दोन्ही पारदर्शक, अँप्यूल दिसायला सारख्या. उपाय साधे आहेत. ओतण्याआधी नाव, तीव्रता आणि मुदत दोघांनी मोठ्याने वाचायची, वाटीवर नि सिरिंजवर चिठ्ठी लावायची, रिकामी बाटली शस्त्रक्रिया संपेपर्यंत टाकायची नाही, आणि बिननावाचं जे असेल ते सरळ ओतून द्यायचं. सर्जन कितीही घाईत असला तरी.

पण हे करणार कोण? टेक्निशियनच्या शिक्षणाला नि नोंदणीला शिस्त लावणारा केंद्राचा कायदा 2021 चा आहे. कराड-साताऱ्याकडच्या छोट्या नर्सिंग होममध्ये मात्र कालचा वॉर्डबॉय आज ओटीत उभा राहतो, आणि पगार विचाराल तर त्यापेक्षा द्राक्षाची छाटणी परवडते. उद्घाटनं मात्र जोरात! मॉड्युलर ओटी, फुलांची कमान, नारळ, फ्लेक्सवर बारा चेहरे. तेवढ्या फ्लेक्सच्या कापडात दहा वर्षांची लेबलं निघतील, हे मी पूर्वीही लिहिलंय आणि पुन्हा लिहीन.

पुढच्या उद्घाटनाला पालकमंत्र्यांनी फीत कापण्याआधी ट्रॉलीवरच्या कुठल्याही वाटीकडे बोट दाखवून विचारावं, “यात काय आहे?” आणि उत्तर सर्जनसाहेबांनी द्यायचं नाही, टेक्निशियनने द्यायचं.