जुना माणूस समोरच्या दुकानात गेला तर?

आज आधी अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो आणि मग माझी चूक.

आइस हॉकीत ब्रॅड मार्शंड नावाचा खेळाडू आहे. बोस्टन ब्रुइन्स टीमकडून तो १६ सीझन खेळला, ४२२ गोल केले, कॅप्टन झाला. मार्च २०२५ मध्ये तो ३६ वर्षांचा होता, जखमी होता आणि त्याचा करार संपत आला होता. नव्या कराराच्या रकमेवर एकमत होईना. शेवटी बोस्टनने त्याला फ्लोरिडा पँथर्सला देऊन टाकलं. म्हणजे २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी बोस्टनला प्लेऑफमधून बाहेर काढणाऱ्या टीमला!

त्याच जूनमध्ये फ्लोरिडाने स्टॅनले कप जिंकला. फायनलमध्ये मार्शंडचे ६ गोल. पुढे फ्लोरिडाने त्याच्याशी सहा वर्षांचा करारही केला.

तुम्ही म्हणाल, बोस्टन फसलं. मला तसं वाटत नाही. करार संपेपर्यंत थांबले असते तर तो फुकटात गेला असता. त्यांनी सौदा अटीवर केला. बदल्यात नवीन खेळाडू निवडायची दुसऱ्या फेरीतली एक संधी. पण फ्लोरिडाने प्लेऑफच्या दोन फेऱ्या जिंकल्या आणि मार्शंड त्यातल्या निम्म्या मॅच तरी खेळला, तर हीच संधी पहिल्या फेरीतली होणार. तसंच झालं. तो चमकला आणि बोस्टनचाही फायदा वाढला.

आता माझं. आमच्या साडीच्या दुकानात एक काका होते, १४ वर्षं. गिऱ्हाईक दारात आलं की कोणाला पैठणी दाखवायची आणि कोणाला काठपदर, हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. त्यांनी ३ हजारांची पगारवाढ मागितली. मी म्हटलं, "दिवाळीनंतर बघू." दिवाळी गेली, मी विषयच काढला नाही. लग्नसराईच्या तोंडावर ते समोरच्या दुकानात गेले. मी स्टाफला सांगितलं, त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही. झालं काय? जुनी गिऱ्हाइकं त्यांना शोधत समोर गेली आणि आमच्या नव्या पोरांना शिकवायला कोणी उरलं नाही.

गद्दारी त्यांनी केली नव्हती. टाळाटाळ मी केली होती.

म्हणून माझं स्पष्ट मत: जुना माणूस गेला म्हणून धंदा बुडत नाही, न बोलता गेला की बुडतो. पगाराचा विषय त्याने काढायच्या आधी तुम्ही काढा. एकदम वाढ परवडत नसेल तर अटीवर द्या, महिन्याची विक्री अमुक आकड्याच्या वर गेली तर इतकं जास्त. तरीही जमलं नाही, तर हिशोब वेळेवर चुकता करा, नव्या पोराला तयार करायला एक महिना मागा आणि चहा पाजून निरोप द्या.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मार्शंड फ्लोरिडाकडून बोस्टनमध्ये खेळायला आला. प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आमचे काका आजही रोज समोरून जातात. त्यांना हाक मारायला मला दोन वर्षं लागली.

तुमच्याकडचा सर्वात जुना माणूस कोण? त्याच्याशी पगाराबद्दल शेवटचं कधी बोललात? आठवत नसेल तर आज दुकान बंद करताना त्याला पाच मिनिटं थांबवा.