सव्वा महिना पाळा, पण कावीळ तपासून घ्या

अमेरिकेतल्या आपल्या घरांत बाळंतपण म्हटले की भारतातून आजी येते. तिच्या बॅगेतून डिंक, अळीव, बाळंतशेपा आणि मऊ दुपटी येतात, तसे काही नियमही येतात. सव्वा महिना बाळ-बाळंतिणीने घराबाहेर पडायचे नाही, हा पहिला. बाळ पिवळे दिसले तर कोवळे ऊन दाखवायचे, हा दुसरा. इकडे डॉक्टर मात्र घरी आल्यावर एक-दोन दिवसांतच बाळाला तपासायला बोलावतात. अशा वेळी नव्या आईबापांनी कोणाचे ऐकावे? माझे मत स्पष्ट आहे : सव्वा महिना जरूर पाळा, पण ही तपासणी चुकवू नका.

नवजात बाळाच्या तांबड्या पेशी भराभर मोडतात. त्यातून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते आणि कोवळ्या यकृताला ते झपाट्याने बाहेर टाकता येत नाही. निम्म्याहून अधिक बाळांना अशी कावीळ होते आणि बहुतेकांची आपोआप ओसरते. मात्र ती सर्वांत जास्त चढते साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, म्हणजे बाळ घरी आल्यावर. बिलिरुबिन फारच वाढून मेंदूत शिरले तर बहिरेपण किंवा कायमचे अपंगत्व येऊ शकते. असे क्वचितच घडते, पण वेळेवर तपासणी झाली तर तेही टळते.

नुसत्या नजरेवर विसंबू नये. आपल्या सावळ्या वर्णात पिवळेपणा लपतो. डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पाहाव्यात, पण खरा आकडा यंत्र किंवा रक्ततपासणीच सांगते.

आजीचे ऊन अगदी निराधार नाही. १९५० च्या दशकात इंग्लंडमधील रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड यांनी बाळांना उन्हात नेले, तेव्हा पिवळेपणा उतरलेला दिसला. त्यातूनच दिव्यांचा उपचार निघाला. पण दिव्याखाली प्रकाश मोजून मिळतो. उन्हाचे माप कळत नाही आणि बाळ भाजण्याची किंवा गारठण्याची भीती असते.

आजीशी वाद घालण्यापेक्षा तिची मदत घ्या. दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा अंगावर पाजणे आणि ओली लंगोटे मोजणे, ही कामे तिच्याइतकी चांगली कोण करणार? साखरपाणी, घुटी नको. मध तर वर्षभर नकोच. डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली दुपटी वापरू नयेत. जी-६-पीडी हे एन्झाइम कमी असलेल्या बाळात त्या वासानेही तांबड्या पेशी फुटून कावीळ भडकते.

पहिल्या २४ तासांत पिवळेपणा दिसला, बाळ सुस्त झाले, दूध ओढेना, किंचाळून रडू लागले किंवा पाठीची कमान करू लागले, तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा.

आता पैशाची बाजू. दिव्याखाली ठेवायला बाळाला पुन्हा रुग्णालयात न्यावे लागले तर बिल मोठे येते. नोकरीच्या आरोग्यविम्यात बाळाचे नाव घालायला कायद्याने किमान ३० दिवस मिळतात, आणि मुदतीत अर्ज केला तर संरक्षण जन्मदिवसापासून धरले जाते. काही कंपन्या जास्त मुदत देतात, काही ३० दिवसांवर थांबतात. सव्वा महिना संपण्याची वाट पाहिली तर ही संधी हातची जाऊ शकते. तेव्हा वडिलांनी पेढे वाटण्याआधी हा अर्ज भरावा.