डेंग्यूचा डास आणि नसलेला नळ



पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस आपल्याकडे तापाचे. याच दिवसांत कोणी तरी साहेब पाड्यावर येतो, धुराचं मशीन फिरवतो आणि जाताना सांगून जातो, ‘तुम्ही लोक घाण करता, म्हणून डेंग्यू होतो.’ आपले लोक मान खाली घालून ऐकून घेतात. आम्हाला या वाक्याबद्दल बोलायचं आहे. हे वाक्य चुकीचं आहे आणि त्यानं आपलं दुहेरी नुकसान होतं. नसलेला दोष आपल्या माथी येतो, आणि डास खरा कुठे वाढतो ते कळायचं राहून जातं.

डेंग्यू पसरवणाऱ्या डासाचं नाव एडिस. काळा, बारीक, अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे. तो गटारात, उकिरड्यात वाढत नाही. त्याला लागतं साठवलेलं, न हलणारं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी. म्हणून तो मोठ्या शहरातल्या बंगल्यांतही वाढतो. सिनेमावाले यश चोप्रा 2012 साली मुंबईत डेंग्यूनेच गेले. त्यांच्या घरी घाण होती असं कोणी म्हटलं नाही. मग आपल्यालाच का म्हणतात?

आता आपल्या घराभोवती बघा. दोनशे लिटरचा निळा ड्रम, रांजण, सिमेंटची टाकी, जनावरांना पाणी पाजायची दोण, कोंबड्यांचं भांडं. छपरावरचा प्लास्टिकचा कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून ठेवलेले जुने टायर. बागायतदाराकडून आणलेले फवारणीचे रिकामे डबे. पावसाचं पाणी यात साचतं, नाही तर आपण स्वतः भरून ठेवतो. डासाची मादी पाण्याच्या कडेला भांड्याच्या भिंतीवर अंडी घालते. अंड्यातून अळी, अळीतून कोष, कोषातून डास. हे सगळं साधारण 7 ते 10 दिवसांत होतं. अंडं सुकलं तरी महिनोनमहिने मरत नाही, पुन्हा पाणी लागलं की जिवंत होतं. म्हणून ड्रम नुसता ओतून भागत नाही, आतून घासावा लागतो.

आपण ड्रम भरतो का? हौस म्हणून नाही. साल्हेर, मुल्हेरच्या बाजूला आणि वरच्या डोंगरातल्या पाड्यांवर अजून बाया झिऱ्यावरून हंडे आणतात. कुठे नळ आहे, पण त्याला आठ दिवसांनी पाणी येतं. कुठे टँकर येतो. 2019 साली सरकारनं जाहीर केलं की 2024 पर्यंत घरोघरी नळ येईल. ज्याच्या घरात रोज नळाला पाणी येतं, त्याला सहा सहा ड्रम भरून ठेवायची गरज पडत नाही. आपल्याला पडते. हरणबारी आणि केळझर धरणं आपल्याच तालुक्यात आहेत, पण डोंगरातल्या बाईच्या डोक्यावरचा हंडा काही उतरला नाही. डेंग्यू हा साठवणीतून वाढणारा रोग आहे आणि साठवण आपल्यावर लादलेली आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पण एवढं म्हणून हात झटकून बसायचं का? अजिबात नाही. नळ येईपर्यंत डास थांबणार नाही. हा डास लांब उडत नाही, फार तर तीनचारशे मीटर. म्हणजे आपल्या घरात चावणारा डास बहुतेक आपल्याच पाड्यावर जन्मलेला असतो. ही वाईट बातमी वाटते, पण चांगलीही आहे. त्याला संपवायला बाहेरच्या कोणाची वाट बघावी लागत नाही. धुरानं फक्त उडणारे डास मरतात, ड्रममधल्या अळ्या तशाच राहतात, आणि आठवड्यात नवे डास तयार होतात.

आठवड्यातला एक दिवस ठरवा. बाजाराच्या आदल्या दिवशी ठेवा, म्हणजे माणसं घरी सापडतात. त्या दिवशी सगळ्या पाड्यानं एकदम भांडी कोरडी करायची. एका घरानं केलं आणि शेजारच्यानं नाही केलं, तर काही उपयोग नाही. बाया म्हणतील, डोक्यावरून आणलेलं पाणी ओतून कसं देऊ? ओतायचं नाही. जुन्या सुती लुगड्याच्या दुहेरी फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळून घ्यायचं. अळ्या फडक्यात अडकतात, ते फडकं कडक उन्हात वाळत घालायचं. रिकामा ड्रम काथ्यानं, राखेनं कडेपर्यंत घासायचा, धुवायचा आणि पाणी परत भरायचं. तोंडाला फडकं ताणून दोरीनं बांधायचं. नुसती फळी ठेवली तर फटीतून डास आत जातो. मोठी टाकी, हौद रिकामा होत नसेल तर आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणून सोडा, ते अळ्या खातात. पण हे मासे ओहळात, नदीत सोडू नका, आपले मासे कमी होतील. छपरावरच्या टायरला खालून भोकं पाडा किंवा त्याच्या जागी दगड ठेवा. हे काम गडीमाणसांनीही करायचं आहे. पाणी भरणं बाईचं आणि ड्रम घासणंही बाईचंच, असं चालणार नाही.

हिवतापाचा डास रात्री चावतो, म्हणून आपण रात्री मच्छरदाणी लावायला शिकलो. एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि दिवस कलताना जास्त. म्हणून झोळीत दिवसा झोपलेल्या लेकरावरही मच्छरदाणी टाका. तापाच्या माणसालाही दिवसा मच्छरदाणीतच ठेवा. कारण डास जन्मतः रोग घेऊन येत नाही. तो आजारी माणसाला चावतो, आणि मग दुसऱ्याला देतो. ऊसतोडीहून, द्राक्षाच्या कामावरून, सुरत-नाशिकहून कोणी ताप घेऊन घरी आलं, तर त्याला दोष देऊ नका, पण त्याची आधी काळजी घ्या.

आता ताप आल्यावर काय. एकदम जोराचा ताप, डोकं दुखणं, डोळ्यांच्या मागं दुखणं, हाडं मोडल्यासारखं अंग दुखणं, कधी अंगावर लाल पुरळ. हा डेंग्यू असू शकतो, हिवतापही असू शकतो. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. आशाताईला त्याच दिवशी सांगा, सरकारी दवाखान्यात रक्त द्या. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही वयाप्रमाणे विचारून. अॅस्पिरिन, ब्रुफेन, डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन घेऊ नका, त्यानं रक्तस्राव वाढू शकतो. ‘एक सुई मारा डॉक्टर, लगेच उतरला पाहिजे’ ही आपली सवय इथे जिवावर येऊ शकते. डेंग्यूला मारणारं खास औषध नाही. पाणी, जलसंजीवनी, नागलीची पेज, ताक, सतत थोडं थोडं देत राहणं हाच मोठा इलाज.

सगळ्यात फसवी गोष्ट नीट लक्षात ठेवा. खरा धोका बहुतेक वेळा ताप उतरताना असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. ताप उतरला, बरं झालं, असं म्हणून आपण माणसाला परत बांधावर पाठवतो. त्याच वेळी पोटात जोरात दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त आलं, काळी शी झाली, हातपाय गार पडले, लघवी कमी झाली, माणूस गुंगीत गेला किंवा तगमग करू लागला, तर एक तासही थांबू नका. 108 ला फोन लावा. रेंज नसेल तर मिळेल त्या गाडीनं सरकारी रुग्णालय गाठा. भगताकडे जायचं त्यांनी जरूर जावं, पण आधी दवाखाना. आमची भगतबाबांनाही विनंती आहे, ही लक्षणं दिसली तर तुम्हीच सांगा की आधी दवाखान्यात न्या. लोक तुमचं ऐकतात. पपईच्या पानाच्या रसाच्या भरवशावरही कोणी घरी बसू नये. आणि एकदा झाला म्हणजे सुटलो असं नाही. डेंग्यूचे चार प्रकार आहेत, दुसऱ्यांदा दुसरा प्रकार झाला तर जास्त जड जाऊ शकतो.

कोणी विचारेल, जमिनीच्या लढ्याच्या पत्रकात डासाचं काय काम? आम्ही दाव्यांच्या कागदांसाठी पाड्यापाड्यावर फिरतो, तेव्हा एकच गोष्ट वेगवेगळ्या तोंडून ऐकतो. ताप आला, खाजगीत नेलं, सलाईन लावलं, ‘पेशी कमी झाल्या’ म्हणून घाबरवलं. शेळ्या विकल्या, पुरलं नाही. मुकादमाची उचल घेतली, तरी पुरलं नाही. मग फॉरेस्ट प्लॉट दुसऱ्याला कसायला दिला. वनहक्काचा पट्टा वारसाला मिळतो, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. कलम 4(4) मध्ये तसं लिहिलेलं आहे. कागद आपल्या नावावर आणि नांगर दुसऱ्याचा, अशी वेळ आजारपण आणतं. ज्या जमिनीसाठी 2018 च्या मार्चमध्ये हजारो आदिवासी शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेले, ती जमीन एका तापापायी हातची जाऊ द्यायची का? (पेशी कमी झाल्या म्हणजे लगेच चढवाव्याच लागतात असं नाही. रक्तस्राव आहे का, रक्तदाब कसा आहे, हे बघून डॉक्टर ठरवतात. न घाबरता विचारा.)

आणि नळाचं उत्तरही वनहक्क कायद्यातच आहे. ‘ही फॉरेस्टची जमीन, इथे पाईप टाकता येणार नाही, टाकी बांधता येणार नाही’ असं सांगितलं जातं. 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 3(2) दाखवा. पिण्याच्या पाण्याची योजना आणि पाईपलाईन, लहान तळी, दवाखाना, अंगणवाडी, शाळा, रस्ता अशा 13 सोयींसाठी वनजमीन देता येते. अट एवढीच की प्रत्येक कामाला 1 हेक्टरपेक्षा कमी जमीन लागावी, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. म्हणजे किल्ली ग्रामसभेच्या हातात आहे. आपण व्यक्तिगत दावे भरले, सामूहिक दावे भरले, पण 3(2) चे ठराव फार थोड्या गावांनी केले.

15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरची ग्रामसभा डासांच्याच दिवसांत येते. त्यात दोन ठराव मांडा. पहिला आपल्या स्वतःसाठी: अमुक वारी सगळा पाडा भांडी कोरडी करील, आणि ग्राम आरोग्य समितीच्या निधीतून ड्रमची फडकी, घासायचे ब्रश आणले जातील. पेसा गावांनी अबंध निधीचाही हिशेब विचारावा, आरोग्यावर तो खर्च करता येतो. दुसरा सरकारसाठी: कलम 3(2) खाली आमच्या पाड्याला पाणीयोजना आणि दवाखान्यासाठी जागा द्यावी. ठराव इतिवृत्तात लिहून घ्या, सह्या आणि अंगठे घ्या, नक्कल मागा आणि पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नका.

पहिल्या ठरावाला कोणाची परवानगी लागत नाही. दुसऱ्याला लढावं लागेल. दोन्ही एकाच बैठकीत करा, म्हणजे पुढच्या वेळी साहेब स्वच्छतेबद्दल बोलू लागला की त्याच्यासमोर घासलेला ड्रम ठेवता येईल आणि विचारता येईल, आमचं काम झालं, तुमचा नळ कुठे आहे?

जोहार.