डिंडोलीतील मिस्सा

ख्रिस्तसभेचे वर्ष आता संपत आले आहे. जगाचे वर्ष डिसेंबरअखेर संपते. आपले त्याच्या महिनाभर आधीच संपते. ख्रिस्तराजाचा सण झाला की पुढच्या रविवारी धर्मगुरू जांभळी वस्त्रे परिधान करून वेदीपाशी येतात आणि आगमनकाळ सुरू होतो. पोप अकरावे पायस ह्यांनी १९२५ साली हा सण नेमून दिला, तेव्हा तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी येत असे. १९६९ च्या नव्या उपासना-पंचांगाने तो वर्षाच्या अगदी अखेरीस आणून ठेवला. आमच्या मते हे फार चांगले झाले. एका रविवारी राजाचे उपकार आठवायचे आणि दुसऱ्या रविवारी त्याच्या येण्यासाठी घर झाडावयास घ्यायचे, असा हा क्रम आहे. दरवर्षी ह्या सुमारास आम्ही ह्या स्तंभात तयारीविषयी चार शब्द लिहीत असतो. ह्या खेपेस मात्र आमच्या पदरचे सांगण्यापेक्षा, नुकतेच जे पाहिले व ऐकले तेच वाचकांपुढे ठेवावे असे वाटते.

काही कामानिमित्त आमचे सुरतेस जाणे झाले होते. सुरत म्हटली की शाळेच्या पुस्तकातील १६६४ सालची स्वारी आठवते. त्या धामधुमीत शिवाजी महाराजांनी फादर अँब्रोझ ह्या कापुचिन धर्मगुरूंच्या निवासास धक्का लागू दिला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्नियर ह्याने लिहून ठेवले आहे. परंतु आज आपल्या खेड्यांतील घरांना सुरत आठवते ती पुस्तकामुळे नव्हे, तेथे कामास गेलेल्या मुलांमुळे. भुसावळ, जळगाव, अमळनेर, नंदुरबार, नवापूर ह्या वाटेने जाणाऱ्या गाडीने खानदेशातील किती घरे रिकामी केली असतील! तापी नदीही त्याच बाजूस वाहत जाते. नदीचे पाणी परत येत नाही. मुले निदान दिवाळीस तरी येतात.

डिंडोली हा सुरतेचा उधन्यापलीकडील भाग. पूर्वी ते निराळे गाव होते. २००६ साली ते महानगरपालिकेच्या हद्दीत आले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तापीच्या पुराने सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता, ही आठवण जुने रहिवासी अजून सांगतात. दुकानांवरील पाट्या गुजराती, पण पाटीखाली बसलेला माणूस पुष्कळदा मराठी किंवा अहिराणी बोलणारा! पुरुषमाणसे यंत्रमागावर किंवा कापड रंगवण्या-छापण्याच्या गिरण्यांत बारा बारा तासांच्या पाळीने राबतात. बाया घरी बसून साड्यांना खडे व टिकल्या चिकटवतात. एका साडीमागे ठरलेली मजुरी मिळते. रविवारी सुट्टी असेलच असे नाही. म्हणून तेथील आपली मंडळी पाळी सुटल्यावर, रात्री, कोणाच्या तरी खोलीवर प्रार्थनेस जमते, आणि शहरातून धर्मगुरू यावयाचे असतील त्या दिवशी मिस्सा होते. अशा एका मिस्सेस आम्हांस बसावयास मिळाले.

खोली लहान होती. ज्या मेजावर दिवसभर साड्यांचे काम चालते त्यावरच पांढरी चादर अंथरून वेदी केली होती. चादरीच्या कडेस दोन-तीन खडे चमकत राहिले होते. ते कोणी काढले नाहीत. पंचवीस-तीस माणसे दाटीने बसली होती. रातपाळीची मुले अर्थात नव्हती. शुभवर्तमान वाचण्यात आले ते दहा कुष्ठरोग्यांचे. दहाही बरे झाले, परंतु प्रभूपाशी परत येऊन उपकार मानणारा एकच निघाला, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी लोकांच्या दृष्टीने परका. फादर मुळात बोलघेवडे नाहीत. ते म्हणाले, की परक्या मुलखात राहणाऱ्यांनी ह्या माणसाकडे नीट पाहावे. प्रभूने ज्याची वाखाणणी केली तो आपल्यासारखाच दुसऱ्याच्या गावचा होता. मग वर्षभरात देवाने काय दिले ते प्रत्येकाने मनात आठवावे, असे त्यांनी सांगितले.

तेवढ्यात भिंतीपाशी बसलेल्या एक मावशी बोलल्या. घरातील मिस्सा म्हणून त्यांना धीर झाला असावा. चर्चमध्ये आपल्याकडे प्रवचनात कोणी तोंड उघडत नाही. त्या म्हणाल्या, "फादर, त्याचं दुखणं गेलं म्हणून तो परत आला. ज्याचं दुखणं गेलंच नाही, त्यानं कशासाठी यायचं?"

त्यांचे यजमान दोन वर्षे अंथरुणास खिळून आहेत, हे आम्हांस नंतर कळले. खोलीतील सर्वांस ते ठाऊक होते.

फादर काही वेळ गप्प राहिले. आम्हांस वाटले, आता देवाच्या इच्छेविषयी ठरावीक चार वाक्ये येतील. तसे झाले नाही. ते म्हणाले, "मावशी, तुमचा प्रश्न मला आवडला, पण त्याचं पुरतं उत्तर माझ्यापाशी नाही. एवढंच सांगतो. प्रभूनं हातात भाकर घेऊन उपकारस्तुती केली ती कधी? त्याचं दुःख संपल्यावर नव्हे. ज्या रात्री त्याला धरून नेलं, त्या रात्री."

मग त्यांनी समजावून सांगितले, की ज्या संस्कारास आपण ख्रिस्तप्रसाद म्हणतो, त्यास आरंभीचे ख्रिस्ती लोक 'युखारिस्त' म्हणत. हा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थच मुळी उपकारस्तुती असा आहे. म्हणजे मिस्सेत येणारा माणूस, त्याचे दुखणे गेलेले असो वा नसो, उपकारस्तुतीतच येऊन बसतो. स्वतः उपकार मानण्याचे बळ ज्याच्यात उरले नसेल, त्याने निदान प्रभूच्या उपकारस्तुतीजवळ बसावे. आणखी एक गोष्ट त्यांनी स्पष्ट केली व ती आम्हांस विशेष महत्त्वाची वाटली. उपकार मानणे म्हणजे वाईटास चांगले म्हणणे नव्हे. दुखण्याबद्दल आभार मानावयाचे नसतात, दुखणाइताजवळ बसणाऱ्यांबद्दल मानावयाचे असतात. अपुऱ्या मजुरीबद्दल आभार मानावयाचे नसतात; पुरती मजुरी मागावयाची असते. पोप तेरावे लिओ ह्यांनी १८९१ सालच्या आपल्या परिपत्रात हेच शिकवले, की कामकऱ्याच्या मजुरीतून त्याचा संसार नीट चालला पाहिजे. कृतज्ञतेच्या नावाखाली गरिबास गप्प बसवणारे उपदेशक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. हे फादर त्यांतले नव्हेत, हे पाहून आम्हांस समाधान वाटले.

मावशींचे समाधान झाले की नाही, कोण जाणे! त्या "बरं" एवढेच म्हणाल्या.

अर्पणविधीच्या वेळी एक निराळाच प्रकार पाहिला. आपल्या कामातील काही तरी बरोबर आणावे, असे फादरांनी मागल्या खेपेस सांगून ठेवले होते. वसईकडे व मुंबईच्या जुन्या गावठाणांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो. भाताची पहिली कणसे कापून वाजतगाजत चर्चमध्ये नेतात व धर्मगुरू ती आशीर्वादित करतात. कित्येक गावठाणांत आता एक वाफाही उरलेला नाही. तेथे कणसे दुसरीकडून आणावी लागतात, तरी सण मोडलेला नाही. आपल्या बाजूस ज्वारी-बाजरीचे पहिले धान्य देवास नेण्याची रीत आहेच. पण शेत गावी राहिले आणि मजुरी मोबाइलवरून बँकेत जमा होऊ लागली, म्हणजे वेदीवर ठेवावयाचे तरी काय? एक जण सुताची बॉबिन आणणार होता, पण बॉबिन मालकाची! ती न विचारता आणली तर अर्पणापूर्वी पापनिवेदनच करावे लागेल, असे कोणी तरी म्हणाले आणि सगळी खोली हसली. शेवटी त्याने आपल्या सदऱ्यास चिकटून आलेले धागे गोळा करून कागदाच्या पुडीत आणले होते. कोणी रिकामा डबा आणला होता. एका मुलीने वहीचे पान आणले होते. त्या मावशींनी चादरीच्या कडेचे दोन खडे बोटाने उचलले आणि ताटलीत टाकले. पाव व द्राक्षारसाशेजारी हे सर्व ठेवून मिस्सा पुढे चालू झाली.

मिस्सेनंतर चहा झाला. खऱ्या तयारीची गोष्ट निघाली ती तेव्हा, आणि आमच्या गावाकडील वाचकांनी हा पुढचा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा अशी आमची विनंती आहे.

दिवाळीत सुरतेचा कापडबाजार बंद असतो, त्यामुळे मुलांना गावी जाता येते. लाभपंचमीनंतर बाजार उघडतो व हळूहळू गाड्या भरभरून सर्व परत येतात. सुट्टी अशी दिवाळीतच खर्ची पडली की नाताळास रजा मिळणे कठीण. मागावर २५ डिसेंबर हा दिवस इतर दिवसांसारखाच असतो. घरी आई करंज्या करणार, गोठा सजवणार, मध्यरात्रीच्या मिस्सेस सारे गाव नवे कपडे घालून जाणार, आणि हा येथे पाळीवर! मग अशाने आगमनकाळाची तयारी ती काय करावी, असे एका मुलाने विचारले. फादरांनी दहा कुमारींचा दृष्टान्त आठवून दिला. शुभवर्तमानात ह्या दोन्ही ठिकाणी दहा जण भेटतात: कुष्ठरोग्यांत परत आलेला एक, कुमारींत तयार असलेल्या पाच. ज्यांच्याजवळ तेल होते त्यांना ते दुसरीस देता आले नाही, कारण ते तेल उसने मिळणारे नव्हेच. नवे कपडे, गोठा, पक्वान्न हे सर्व उसने मिळू शकते. मनाची तयारी ज्याची त्यालाच, जेथे असेल तेथे, करावी लागते. पापनिवेदनासाठी आपण आगमनकाळात एका रात्री पाळी सुटल्यावर मुद्दाम येऊ, असे त्यांनी वचन दिले.

नंतर त्यांनी मुलांना विचारले, "गेल्या महिन्यात घरून फोन आला तेव्हा पहिलं वाक्य काय होतं?"

मुले एकमेकांकडे पाहू लागली. मग एकाने सांगितले, "माय विचारते, पगार झाला का." दुसरा म्हणाला, त्याच्याकडेही तेच. तिसरा काही बोलला नाही, पण मान हलवली. फादरांनी आणखी विचारले, की पैसे पोचल्यावर 'पोरा, तू धाडलेस म्हणून भागले' असे कोणाच्या घरून कोणी म्हणाले आहे काय? एकही हात वर झाला नाही. ह्यावर आम्हीच मान खाली घातली, कारण आमच्याही घरचा एक मुलगा परगावी आहे.

परंतु फादरांनी मुलांनाही सोडले नाही. तुम्ही तरी घरी फोन करता तो कशासाठी? जमले नाही एवढे सांगण्यासाठी, किंवा मागल्या उसनवारीचा हिशेब देण्यासाठी. ज्या आईने दाणे निवडून तुमच्या पिशवीत भरले, तिला 'पोचले' असे तरी सांगितलेत काय? खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. बाहेर कुठे तरी मागांचा खडखड आवाज चालू होता.

मग त्यांनी त्या मंडळीस आगमनकाळाचे एक व्रत घालून दिले. चार रविवार आहेत. चारही रविवारी घरी एक फोन करावयाचा, आणि त्या फोनवर पैशाचा विषय काढावयाचा नाही. कोणी काढलाच तर नम्रपणे 'सोमवारी बोलू' म्हणावयाचे. ज्या एका उपकाराचा आजवर उच्चार झाला नाही, तो त्या दिवशी बोलून दाखवावयाचा, मग तो बापाचा असो, थोरल्या बहिणीचा असो की शेजाऱ्याचा. उपवास व दानधर्म ह्यांच्या जोडीस हेही करावे. प्रभू दारात येईल तेव्हा घरातली माणसे एकमेकांची देणेकरी व घेणेकरी म्हणून बसलेली नसावीत, असे त्यांचे म्हणणे. वरवर पाहता हे व्रत सोपे वाटते. आम्ही परत आल्यावर ते स्वतः करून पाहिले. तिसऱ्याच वाक्यास आमची जीभ खर्चाकडे वळली.

त्या मुलांतील सर्वांत धाकट्याने, वय अठरा-एकोणीस असेल, खरी अडचण बोलून दाखवली. तो म्हणाला, "फादर, पैशाचं नाही बोलायचं तर बोलायचं काय?"

फादर हसले. "हरभरा किती वर आला ते विचार. गाय व्याली का विचार. आजीच्या गुडघ्याचं विचार. आणि मग थोडा वेळ गप्प राहा, तीही गप्प राहील. फोन लगेच ठेवू नको."

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आगमनकाळाचा पहिला रविवार येऊन ठेपलेला असेल. दिवसपाळी संध्याकाळी सातला सुटते. जेवणखाण आटोपून साडेआठ-नऊच्या सुमारास फोन येईल. रातपाळीवाल्यांचा सकाळी येईल, आणि तेव्हा आपण कापूस वेचावयास निघण्याच्या घाईत असाल. तरी दोन मिनिटे ओट्यावर बसून तो घ्यावा. पगाराचे त्या दिवशी विचारू नये.